क्राइमच्या पानावरची शाळा

जिल्हा आवृत्तीत पाने ठरलेली असतात. शाळा-कॉलेजांचे पान वेगळे, गुन्ह्यांचे वेगळे. शाळेच्या पानावर दहावीचा निकाल, गुणगौरव, गणवेश वाटप, वृक्षारोपण, आषाढीला विठ्ठल-रुखमाईचा वेश केलेल्या चिमुकल्यांची दिंडी. वर्गात एखाद्या मुलाला जातीवरून कोणी बोलले, वेगळे बसवले, रोज त्याच्याच हाती झाडू दिला, तर ती बातमी या पानावर येत नाही. ती येते क्राइमच्या पानावर. तिथे यायला आधी गुन्हा दाखल व्हावा लागतो, आणि गुन्हा दाखल व्हायला बहुतेक वेळा कोणाचा तरी जीव जावा लागतो किंवा व्हिडिओ फिरावा लागतो.

मी जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याचा. बसस्टँडजवळ पेपरची एजन्सी आहे. पहाटे गठ्ठे सोडायचे, पुरवण्या भरायच्या, पोरांना लाइनी वाटून द्यायच्या आणि दहा वाजेनंतर खिशाला पेन लावून तालुका प्रतिनिधी व्हायचे, असे पाव शतकाहून जास्त चालले. जळगाव-धुळ्याच्या आवृत्त्या रोज हाताखालून जातात. शाळेतला जातिभेद आमची वर्तमानपत्रे छापतच नाहीत, असा आरोप मी करणार नाही. छापतात, पण भलत्या पानावर. आणि पान बदलले की बातमीदार बदलतो, प्रश्नही बदलतात. क्राइमवाला विचारतो, आरोपी कोण, कलम कोणते, अटक कधी. त्या वर्गात, त्या वसतिगृहात, त्या वॉर्डात रोज काय चालले होते आणि ते कोणाकोणाला ठाऊक होते, हे शिक्षणाच्या बातमीदाराने विचारायचे. तो त्या दिवशी कुठल्या तरी संस्थेच्या बक्षीस समारंभात पहिल्या रांगेत बसलेला असतो.

डॉ. पायल तडवीचेच प्रकरण बघा. ती जळगावची. आई आबेदा तडवी जळगावला जिल्हा परिषदेत नोकरीला. पायलने एमबीबीएस मिरजेच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातून केले आणि मे २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयाशी जोडलेल्या टोपीवाला महाविद्यालयात स्त्रीरोग विभागात पदव्युत्तर शिक्षणाला प्रवेश घेतला. २२ मे २०१९ रोजी तिने आयुष्य संपवले. वय २६. यावल, रावेर, चोपडा या पट्ट्यात सातपुड्याच्या पायथ्याला तडवींची किती गावे आहेत हे खानदेशी वाचकाला सांगायला नको. त्या घरांतून एक मुलगी एमडीला लागली होती.

पहिल्या दिवशीच्या बातम्या सगळीकडे जवळपास सारख्याच होत्या: रॅगिंगला कंटाळून डॉक्टर तरुणीची आत्महत्या. जातीचा मुद्दा नंतर आला, आणि आला तो आईने तो सोडला नाही म्हणून. दिल्ली-मुंबईकडच्या बातम्यांत मग गोंधळ सुरू झाला. कोणी तिला दलित लिहिले, कोणी नुसतेच मुस्लिम. तडवी हे भिल्लांपैकी, अनुसूचित जमातीत मोडणारे आणि धर्माने मुस्लिम, हे यावलच्या कुठल्याही पानटपरीवर कळले असते. निदान माझ्या गठ्ठ्यातल्या जिल्हा आवृत्त्यांनी तो घोळ घातला नाही, एवढे श्रेय त्यांना देतो.

पुढची मालिका क्राइमच्या पानाच्या शिस्तीत चालली. मे अखेरीस तीन वरिष्ठ डॉक्टरांना अटक. आत्महत्येस प्रवृत्त करणे, अ‍ॅट्रॉसिटी कायदा आणि १९९९ चा महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंधक कायदा, अशी कलमे. जुलैत गुन्हे शाखेचे बाराशेहून अधिक पानांचे आरोपपत्र. ऑगस्टमध्ये हायकोर्टाचा जामीन. ऑक्टोबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या तिघींना शिक्षण पूर्ण करायला परवानगी दिली. खटला मुंबईच्या विशेष न्यायालयात वर्षानुवर्षे रेंगाळला. तिघींनी आरोप नाकारले आहेत, दोषी कोण हे न्यायालय ठरवील, आणि तारखांच्या या बातम्या द्यायलाच हव्या होत्या.

पण घरचे पहिल्या दिवसापासून आणखी एक गोष्ट सांगत होते. मुलीला राखीव जागेवरून, आदिवासी असण्यावरून टोमणे मारले जातात, प्रसूती-शस्त्रक्रियेच्या कामापासून बाजूला ठेवले जाते, हे आपण विभागाच्या कानावर आधीच घातले होते, असे त्यांचे म्हणणे होते. ही शिक्षणाची बातमी होती. तक्रार तोंडी आली तर ती कोण लिहून घेतो? लिहून घेतली तर कोणाच्या टेबलावर जाते? जिच्याबद्दल तक्रार आहे तिच्याच हाताखाली दुसऱ्या दिवशी ड्युटी लागते का? हे विचारायला मुंबईला जायची गरज नव्हती. धुळ्याला भाऊसाहेब हिरे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावला तेव्हा नुकतेच, २०१८ मध्ये, सुरू झालेले. सातपुड्यातून आलेली, राखीव जागेवर लागलेली मुले दोन्ही ठिकाणी शिकतात. त्या आठवड्यात त्यांच्यापैकी एकाशी बोलून लिहिलेली बातमी माझ्या हाताखालून गेल्याचे मला आठवत नाही. मेणबत्ती मोर्चाचे फोटो मात्र रोज होते.

ऑगस्ट २०१९ मध्ये आबेदाताई, हैदराबाद विद्यापीठात आत्महत्या केलेल्या रोहित वेमुलाच्या आई राधिका वेमुला यांच्यासोबत सुप्रीम कोर्टात गेल्या. मागणी अशी की विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ मध्ये भेदभाव रोखण्यासाठी केलेले नियम कागदावर आहेत, ते पाळले जातात की नाही ते बघा. जळगावची एक बाई देशातल्या सगळ्या विद्यापीठांकडून नियम पाळून घ्यायला कोर्टाची पायरी चढली. त्या वर्षी जळगावातून शिक्षणाची याहून मोठी बातमी गेली असेल असे मला वाटत नाही. ती माझ्याकडच्या अंकांत आतल्या पानावर, एजन्सीच्या मजकुरातून उचललेली, जेमतेम एका कॉलमात होती.

आता जूनकडे या. निकाल लागतात, प्रवेश सुरू होतात आणि कटऑफचे तक्ते छापून येतात. खुला प्रवर्ग इतके, ओबीसी इतके, एससी इतके, एसटी इतके. आकडे खरे असतात, पालकांना उपयोगी असतात, छापायला हरकत नाही. पण तक्त्यावरचा मथळा बघा. ‘इतक्या कमी गुणांनाही मिळाला प्रवेश’ अशा धर्तीचे मथळे मी दरसाल पाहतो. खुल्या प्रवर्गातल्या एखाद्या हिरमुसल्या मुलाचा फोटोही सोबत असतो. व्यवस्थापन कोट्यातून, पैशाच्या जोरावर त्याहून कमी गुणांवर लागलेल्यांचा तक्ता त्या शेजारी कधी नसतो. पावसाळा संपेपर्यंत हा मथळा कॉलेजच्या कँटीनमध्ये पोचलेला असतो. राखीव जागेवरच्या पोराला जो टोमणा ऐकावा लागतो तो बऱ्याचदा आम्हीच छापून, घडी घालून, सकाळी सहाच्या आत घरोघर पोचवलेला असतो.

त्याच पानावर खालच्या बाजूला दुसरी एक बातमी असते: पाड्यावरच्या मुलाची गगनभरारी. कौलारू घर, आईच्या डोक्यावर मोळी, हातात पेढा. मुलाच्या कष्टाबद्दल मला आदरच आहे. पण गुजराथी किंवा पाटलाच्या घरातला मुलगा डॉक्टर झाला तर त्याचे मार्क छापतात, आदिवासी पावऱ्याचा झाला तर त्याचे घर छापतात. अमुक समाजाचा असूनही हा शिकला, हे आश्चर्य त्या बातमीत ओळीओळीला असते. आदिवासी विद्यार्थी म्हणजे एक तर मेलेला, नाही तर चमत्कार. वर्गात बसून रोज कंटाळणारा, गणितात पासापुरता असलेला, क्रिकेट खेळणारा, मास्तरचा राग आलेला साधा मुलगा आमच्या पानांवर नसतोच.

दुसरे प्रकरण जून २०१८ चे. जामनेर तालुक्यातले वाकडी. विहिरीत पोहली म्हणून मातंग समाजाच्या अल्पवयीन मुलांना नागडे करून मारले, व्हिडिओ काढला, तो देशभर फिरला. चॅनेलच्या गाड्या आल्या, पुढारी आले. राहुल गांधींनी तो व्हिडिओ ट्विटरवर टाकला म्हणून राज्याच्या बालहक्क संरक्षण आयोगाने त्यांना नोटीस काढली. मुलांची ओळख उघड होते, असे कारण. ते कारण रास्तच होते. पण त्यांच्याआधी किती वाहिन्यांनी, किती पोर्टलांनी तो व्हिडिओ चेहरे जेमतेम धूसर करून दिवसभर फिरवला, त्याचा हिशेब कोणी मागितला नाही. आरोपी स्वतः भटक्या समाजातला होता. त्याचे आडनाव वाचून दूरदूरच्या लोकांनी त्याची जात परस्पर ठरवून टाकली आणि दोन दिवस त्यावरच भांडण चालले. इकडे मंत्र्यांपासून सगळे सांगत होते की हा व्यक्तिगत वाद आहे, जातीचा नाही.

घटना १० जूनची. आपल्याकडे शाळा १५ जूनला उघडतात. त्या आठवड्यात निदान एका तरी बातमीदाराने पंधरा तारखेला शाळेच्या फाटकापाशी उभे राहायला हवे होते. ज्या वयाच्या पोरांचा असा व्हिडिओ गावातल्या प्रत्येक मोबाइलमध्ये आहे, ती वर्गात कोणाशेजारी बसणार? मधल्या सुट्टीत त्यांना काय ऐकावे लागणार? मास्तरांना त्याबद्दल कोणी काही सांगितले होते का? तोवर गाड्या वाकडीतून निघून गेल्या होत्या. आमच्या लेखी प्रकरण अटकेपाशी संपले.

संपादकीय डेस्कवर याचे एक उत्तर तयार असते: आम्ही जात छापत नाही. प्रेस कौन्सिलचे तसे निर्देश आहेत. आहेत, खरे आहे. एखाद्या जातीची बदनामी होईल अशा संदर्भात जातीचा उल्लेख टाळावा, असे ते सांगतात. नियम चांगल्या हेतूचा आहे. पण तो आमच्याकडे वापरतात कसा? ज्याला मारले त्याची जात ‘विशिष्ट समाज’ या दोन शब्दांखाली झाकली जाते, मारणाऱ्याचीही झाकली जाते, आणि उरते ते ‘दोन गटांत वाद’. उलट चाळीसगाव-पाचोऱ्याकडे घरफोडी झाली की ‘पारधी टोळी जेरबंद’ असा मथळा बिनदिक्कत येतो. तिथे निर्देश आठवत नाहीत. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला, पण क्राइमच्या पानाला ते अजून कोणी कळवलेले दिसत नाही. त्या दिवशी सकाळी पारध्याचे पोर शाळेत जाते. वर्गात कोणाची कंपासपेटी हरवली तर पहिले दप्तर कोणाचे उघडतात, हे शिक्षकांनी मनाशी सांगावे.

आता आमच्या धंद्याची आतली गोष्ट. तालुका प्रतिनिधीला पगार नसतो. मानधन असते ते पेट्रोललाही पुरत नाही. पोट चालते एजन्सीवर आणि जाहिरातींच्या कमिशनवर. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, शिक्षक दिन, दिवाळी, वर्धापनदिन, पुढाऱ्याचा वाढदिवस, प्रत्येकाला टार्गेट असते. आणि तालुक्याच्या गावात अर्धे पान कोण देऊ शकतो? साखर कारखाना अडचणीत, जिनिंगवाला हात आखडून. उरतात शिक्षण संस्था. संस्थाचालक हाच आमदार, हाच बँकेचा संचालक, हाच जाहिरातदार. त्याच्या शाळेची बातमी त्याच्याच माणसाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली असते, फोटोसकट. ती जशीच्या तशी लागते. हे चूक की बरोबर यावर परिसंवाद होतात. मी फक्त पैसा कुठून येतो ते सांगतोय.

एकदा सातपुड्यातल्या एका आश्रमशाळेतल्या मुलींचे बाप बाजाराच्या दिवशी माझ्या टपरीवर आले. पावरा माणसे, माझ्याशी अहिराणीत बोलत होती. त्यातला एक म्हणाला, “भाऊ, पोरगीले शिकाले धाडेल शे, धुणं धुवाले नही.” मी गेलो. मुली अधीक्षिकेच्या घरचे कपडे धूत होत्या, शिक्षकांच्या खोल्या झाडत होत्या. गावातली बिगरआदिवासी मुले दिवसा शिकायला येत, ती पुढच्या बाकांवर, वसतिगृहातल्या मागे. एका गुरुजींनी माझ्यासमोरच, हसत हसत, “जंगलातून आलेत, यांना काय कळतं” असे म्हटले. वाईट बोललो असे त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हते. मुलींना पावरी येते, थोडी अहिराणी येते, पुस्तकातली मराठी कळत नाही. त्या गप्प बसतात, म्हणून त्या मठ्ठ ठरतात. गंमत अशी की ते गुरुजी स्वतः पुण्याला ट्रेनिंगला गेले की त्यांच्या अहिराणी हेलाला लोक हसतात, आणि ते मला त्यांनीच चिडून सांगितले होते.

हे सगळे मी लिहून पाठवले. कोण काय काम करते, कोण कुठे बसते, कोण काय म्हणाले. डेस्कवरून फोन आला. “अण्णा, बातमी चांगली आहे. पण जात काढू नका, तेढ निर्माण होते. आणि संस्था आपल्याला पंधरा ऑगस्टला अर्धे पान देते, ते तुम्हालाच माहितीये.” दुसऱ्या दिवशी छापून आले: आश्रमशाळेत सुविधांचा अभाव, विद्यार्थिनींचे हाल. नळाला पाणी नाही, संडासाला कडी नाही, गरम पाण्याचा बंब बंद. सगळे खरे होते, माझ्याच मजकुरातले शेवटचे दोन परिच्छेद होते. बातमीची दखल घेतली गेली, तपासणीला माणूस आला. त्याने नळ मोजले, संडास मोजले, कड्या बसवायला सांगितल्या. कपडे कोण धुतो हे त्याने विचारले नाही, कारण बातमीत ते नव्हते. महिनाभरात कड्या बसल्या. धुणे तसेच राहिले. मुलींच्या बापांना मी पेपर दाखवला तेव्हा त्यांनी तो शांतपणे घडी घालून परत दिला आणि विचारले, “हाई आमनी शाळानी बातमी शे का?”

आमच्या जिल्ह्यात या विषयावर एकेकाळी रीतसर चौकशी झालेली आहे, हे कितीजणांना ठाऊक आहे? मुंबई सरकारने १९२८ मध्ये अस्पृश्य आणि आदिवासी या दोघांसाठी मिळून एक समिती नेमली होती, स्टार्ट समिती म्हणतात ती. डॉ. आंबेडकर तिचे सभासद. विहीर, रस्ता, नोकरी यांच्याबरोबर शाळेत मुलांना कसे वागवतात हाही तिच्या कामाचा भाग होता. त्याच कामासाठी बाबासाहेब १९२९ मध्ये खानदेशात फिरत होते. धुळे लाइनवरच्या एका गावातली बहिष्काराची तक्रार तपासून ते चाळीसगावला उतरले. महाराला टांग्यात बसवून आपण हाकायचे म्हणजे कमीपणा, म्हणून एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, टांगेवाला नाही. वस्तीतलाच एक माणूस, ज्याने कधी टांगा हाकला नव्हता, तो पुढे बसला. नदीवरच्या पुलावर चाक कडेच्या दगडाला धडकले, टांगा उलटला, बाबासाहेबांचा पाय मोडला, ते बरेच दिवस अंथरुणावर होते. तारीख २३ ऑक्टोबर १९२९. टांग्याची ही हकिकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. आजच्या डेस्कवर ही घटना आली असती तर मथळा मला आताच दिसतो: पुलावर टांगा उलटून नेते जखमी. खाली चौकट, नदीवरील पुलाला कठडे बसवण्याची नागरिकांची मागणी.

धुळ्याच्या लळिंगला लांडोर बंगला आहे. बाबासाहेब ३१ जुलै १९३७ ला एका खटल्यासाठी धुळ्याला आले तेव्हा तिथे राहिले होते. दरवर्षी त्या दिवशी तिथे हजारो लोक जमतात. आम्ही पुरवणी काढतो. अभिवादनाच्या जाहिराती भरपूर मिळतात, त्यांत शिक्षण संस्थाही असतात. शाळा सुरू होऊन तेव्हा सहा आठवडे झालेले असतात, वसतिगृहांचे प्रवेश चालू असतात, कोणाला जागा मिळाली नाही, कोण गावाकडे परत गेले, हे तेव्हा ताजे असते. त्या पुरवणीतले एक पान वसतिगृहांना द्या, असे मी सुचवून पाहिले. “त्या दिवशी निगेटिव्ह नको, अण्णा.”

अमेरिकेत केंटकी राज्यात लेक्सिंग्टन नावाचे गाव आहे. तिथल्या हेरल्ड-लीडर या वर्तमानपत्राने ४ जुलै २००४ रोजी पहिल्या पानावर खुलासा छापला की १९६० च्या दशकात आपल्याच गावात चाललेली काळ्या लोकांची हक्कांची चळवळ आपण नीट छापली नाही, त्याबद्दल खेद आहे. तेव्हाच्या मालकांचा हिशेब साधा होता: बातमी दिली नाही तर प्रकरण आपोआप थंड होईल. काळ्या समाजाच्या बातम्यांना वेगळे सदर होते, लग्न-मयत-चर्च एवढ्यापुरते. आणि त्याच काळात दक्षिणेतल्या इतर राज्यांत गोऱ्या शाळेत पाऊल टाकणाऱ्या एकेका काळ्या मुलीचे फोटो जगभर जात होते. चाळीस वर्षांनी का होईना, त्यांनी आपली जुनी फाइल काढून बघितली. आमच्याकडे जुनी फाइल वर्धापनदिनाला निघते, पहिल्या अंकाचा फोटो छापायला.

आमच्या डेस्कवर बसतो कोण, हाही प्रश्न आहेच. २०१९ मध्ये ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्रीने देशातल्या माध्यमांमधली वरची १२१ पदे तपासली. १०६ उच्चवर्णीयांकडे निघाली. दलित किंवा आदिवासी एकही नाही. ते दिल्लीच्या उंचीवरचे झाले. तालुक्याला चित्र थोडे बरे आहे, बौद्ध आणि ओबीसी बातमीदार बरेच आहेत. पण ते फिरतात, पाठवतात, कापतो दुसराच. आणि पावरा, भिल्ल, तडवी उपसंपादक जळगाव-धुळ्यात मला अजून भेटायचा आहे. ज्याची मावसबहीण आश्रमशाळेत शिकलेली आहे असा एक माणूस रात्री साडेदहाला पान लावायला असता, तर माझ्या मजकुरातले शेवटचे दोन परिच्छेद ठेवून वरचे सहा कापले गेले नसते.

तेढीची भीती मी उडवून लावत नाही. गावात जातीची बातमी छापली की दुसऱ्या दिवशी दोन्हीकडचे लोक एजन्सीवर येतात, मी ते भोगले आहे. मुलांची ओळख उघड होण्याचाही प्रश्न खरा आहे. बाल न्याय कायद्याच्या ७४ व्या कलमाने नाव, फोटो, शाळा, ओळख पटेल असे काहीही छापायला बंदी आहे, आणि चाळीस घरांच्या पाड्यावर नाव न देताही सगळ्यांना कळते. यावर उपाय आहे, फक्त त्याला कष्ट पडतात. एका शाळेची एक घटना उचलण्याऐवजी तालुक्यातल्या दहा-बारा शाळा-वसतिगृहे फिरून एक बातमी करा. यावलच्या आदिवासी विकास प्रकल्पाखाली अख्खा जळगाव जिल्हा येतो, धुळ्याला वेगळे प्रकल्प कार्यालय आहे, यादी मिळते. जेवणाच्या वेळी जा, पाहुणे म्हणून व्यासपीठावर नको. ताट आधी कोणाला, वाढतो कोण, पिंप कोण उचलतो. शिष्यवृत्तीचे फॉर्म भरताना मास्तर भर वर्गात “एससी-एसटीवाले उभे राहा” म्हणतात का. तक्रारपेटी आहे का, तिला कुलूप आहे का, किल्ली मुख्याध्यापकाच्याच खिशात आहे का. आरटीईच्या सोडतीची बातमी आपण दरवर्षी आकड्यांसकट देतो, पंचवीस टक्के जागा, इतके अर्ज, इतक्या जागा रिकाम्या. त्या जागांवर लागलेली मुले वेगळ्या तुकडीत बसवायची नाहीत असे नियमात आहे. डिसेंबरात एकदा जाऊन ती कोणत्या तुकडीत आहेत तेवढे बघा. यात कोणाची बदनामी नाही, एफआयआर नाही, मोर्चा नाही. शिक्षणाच्या पानावर जाईल अशीच ही बातमी आहे.

आणि चांगले आढळले तर तेही लिहा. शिरपूर तालुक्यात मला एक बाई भेटल्या, पहिलीच्या वर्गात स्वतः पावरी शिकून घेतलेल्या. मुले त्यांच्या अंगाखांद्यावर. त्यांच्याबद्दल पाठवले तर ते लागले, फोटोसकट, पण मथळा होता ‘दुर्गम भागात ज्ञानदीप’. त्या काय करतात, शब्द कसे जमवले, पहिल्या महिन्यात मुले किती बोलू लागली, हा सगळा मजकूर जागेअभावी कापला होता.

अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात साने गुरुजी मुलांसाठी हाताने लिहून ‘छात्रालय’ दैनिक काढत. रोज. पुढे मोठी साप्ताहिके त्यांनी काढली, पण मला ते हस्तलिखित जास्त जवळचे वाटते, कारण ते वसतिगृहाच्या आतून निघत होते. आता आतून निघायला मोबाइल आहे. सातपुड्यातल्या पोरांनी यूट्यूबवर चॅनेल काढलेत, पावरीत बोलतात, रस्त्याचे, रेशनचे, शाळेचे व्हिडिओ टाकतात. त्यातल्या एकाने पत्रकारितेची पदवी घेतली. मागच्या दिवाळीआधी तो माझ्याकडे आला, एका आवृत्तीला आदिवासी पट्ट्यासाठी बातमीदार हवा आहे म्हणून. मी फोन करून दिला, तो मुलाखतीला जळगावला जाऊन आला. संध्याकाळी त्याला विचारले, “काय भो, काय विचारलं?”

“दोनच गोष्टी विचारल्या दादा. गाडी आहे का, आणि दिवाळीला जाहिराती किती देशील.”